एका पेटीत दोन चुली
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात संगणकाच्या बिघाडावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. लेख देण्यास गेले तेव्हा संपादक-मंडळातील एका मैत्रिणीने विचारलेच, "अगं, कविता द्यायची सोडून हे काय आणलंस?" कविता मलाही आवडतात. परंतु गेल्या हिवाळ्यात ज्या गोष्टीने आठ दिवस माझी झोप उडविली, ती कविता नव्हती. ती होती माझ्या लॅपटॉपमधील दोन ग्राफिक्स कार्डांची भानगड. आपल्यापैकी अनेकांकडे माझ्यासारखाच जुना, वापरलेला लॅपटॉप असतो आणि त्यावर फुकट मिळणारी लिनक्स ही संगणकप्रणाली घातलेली असते. त्यांच्यावर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येण्याचा संभव आहे. या विषयावर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे; मराठीत मला धड काही सापडले नाही. म्हणून हा खटाटोप.

एक खुलासा आधीच करते. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

आमचे गाव भूगाव. चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागले की बावधनच्या पुढे आमचे गाव येते. बाहेरच्यांना ते तीन गोष्टींमुळे ठाऊक असते: मानस तलाव, रस्त्यावरची वाहनांची कोंडी आणि लग्नाची कार्यालये व लॉन्स. 2017 सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या गावात झाल्या, तेव्हापासून चौथीही ओळख झाली. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, लग्नसराईत एका आचाऱ्याच्या हाताखाली काम करतात. पूर्वी आमची थोडी शेती होती. ती तुकड्यातुकड्याने गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला भिशी लागली तेव्हा तिने दुसरे काही न घेता पुण्यातील एका दुकानातून माझ्यासाठी वापरलेला लॅपटॉप आणविला. अप्पा त्याला 'पेटी' म्हणतात. माझ्या आतेभावाने त्यावर उबुंटू नावाची लिनक्सची आवृत्ती घालून दिली.

भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी 'भूगावचा बदलता भूमी-उपयोग' हा विषय घेतला होता. वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह-चित्रे एकावर एक ठेवून शेत कोठे होते आणि आज तेथे काय आहे, हे दाखवावयाचे होते. क्यूजीआयएस नावाच्या मुक्त आज्ञावलीत हे उत्तम करता येते. डोंगर-उताराचे त्रिमितीय चित्रही काढता येते. विभागात सर्वांसमोर प्रोजेक्टरवर ते दाखवावयाचे ठरले.

आदल्या रात्री मला दुर्बुद्धी आठवली. "मोठ्या कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर टाकलास तर नकाशे भराभर फिरतील," असे कोणीतरी सांगितले होते. मी तो टाकला. मध्येच एक पासवर्ड ठरविण्यास सांगितले गेले, मी ठरविला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा निळ्या रंगाचा एक इंग्रजी पडदा आला. त्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. मी घाबरले, 'पुढे चला' अशा अर्थाचा पर्याय दाबला आणि नेहमीचा पडदा दिसल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी विभागात प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल जोडली. भिंतीवर निळा चौकोन आणि 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे! केबल काढली, घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला; व्यर्थ. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर नकाशा लख्ख दिसत होता. भिंतीवर मात्र काही नाही. मॅडमनी समजूतदारपणे "पुढच्या शनिवारी दाखव" असे सांगितले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. ते हसणे बावधन येईपर्यंत बसमध्ये माझ्या कानात होते.

घरी येऊन मी दिसेल ती आज्ञा टंकू लागले. समोरचा मल्ल कोणता डाव टाकतो आहे हे न पाहता अंगावर जाणारा पहिलवान जसा चितपट होतो, तशी माझी गत झाली. त्यातच 'नोमोडसेट' नावाचा एक शब्द मी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहून ठेवला. परिणाम असा की प्रोजेक्टर राहिला बाजूला. आता लॅपटॉपचाच पडदा रखडू लागला. खिडकी सरकवावी तर ती मागून ओढल्यासारखी येई. पंखा तर असा घोंघावू लागला की आईने स्वयंपाकघरातून विचारले, "मिक्सर कुणी लावला गं?"

आता आधी ही दोन कार्डे म्हणजे काय ते पाहू.

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. हे काम बुद्धीचे कमी आणि हमालीचे अधिक. म्हणून ते पुष्कळ लहान-लहान गणकांत वाटून एकाच वेळी करून घेतात. हा गणकांचा ताफा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पुष्कळांनी मिळून एकदम काम उरकण्याचे हे तत्त्व पुण्याला अपरिचित नाही. हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा 1988 साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली तिने 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. त्यातही अनेक प्रक्रियक एकमेकांना जोडून काम वाटून दिलेले होते. योगायोग असा की त्याच 1991 साली फिनलंडमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा पहिला मजकूर जगापुढे ठेवला. युनिक्स ही 1969 पासूनची जुनी घराणेदार प्रणाली. लिनक्स तिच्याच वळणावर, पण नव्याने लिहिलेली.

पुष्कळ लॅपटॉपमध्ये अशी दोन कार्डे असतात. एक लहान, मुख्य प्रक्रियकाच्या पोटातच असलेले. ते वीज कमी खाते आणि स्मरणही संगणकाच्याच स्मरणातून उसने घेते. दुसरे मोठे, स्वतंत्र. त्याचे स्मरण वेगळे, ताकद मोठी आणि भूकही मोठी. सदैव मोठेच चालू ठेवले तर बॅटरी बघता बघता संपेल. म्हणून नेहमीच्या कामाला लहान आणि अवजड कामापुरते मोठे, अशी वाटणी केलेली असते. यालाच मिश्र ग्राफिक्स म्हणतात.

आता मेख पुढे आहे. बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये आपल्यासमोरचा पडदा फक्त लहान कार्डाला जोडलेला असतो. मोठ्या कार्डाने चित्र काढले तरी ते लहान कार्डाच्या हवाली करावे लागते, तेव्हा ते पडद्यावर येते. उलट, बाजूचे एचडीएमआय भोक काही लॅपटॉपमध्ये थेट मोठ्या कार्डालाच जोडलेले असते. माझ्या लॅपटॉपची जोडणी अशीच आहे, हे मला पुढे कळले.

ड्रायव्हर म्हणजे या कार्डाचा सारथी. कार्ड कितीही ताकदवान असो. त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर प्रणालीत नसेल तर ते नुसते बसून राहते.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कारण लिनक्सवर हीच गोष्ट इतकी अवघड का, ते त्याशिवाय समजत नाही. एनव्हीडिया या अमेरिकन कंपनीने (तिचे कार्यालय पुण्यातही आहे) 2010 साली 'ऑप्टिमस' नावाने ही दोन कार्डांची आपोआप अदलाबदल आणली. विंडोजसाठी ड्रायव्हर आला. लिनक्ससाठी मात्र तो आला नाही. ज्यांनी असे लॅपटॉप घेतले होते त्यांचे मोठे कार्ड नुसते ओझे होऊन बसले. तेव्हा स्वयंसेवक पुढे सरसावले. 2011 साली मार्टिन जूल याने 'बम्बलबी' ही युक्ती तयार केली. ऑप्टिमस प्राइम आणि बम्बलबी ही 1984 पासून प्रसिद्ध असलेल्या यंत्रमानव-खेळण्यांची नावे. हा त्यातला विनोद. पुढे डेव्ह एअरली याने लिनक्सच्या गाभ्यात दोन कार्डांच्या सहकार्याची जी सोय घातली, तिलाही 'प्राइम' असेच नाव पडले.

या बम्बलबीची एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. 2011 साली तिच्या स्थापनेच्या आज्ञापत्रात एक लहानशी चूक राहिली. 'यूएसआर' या कप्प्याच्या आतल्या, आतल्या, आतल्या एका फोल्डरला पुसावयाचे होते. परंतु 'यूएसआर' या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाने त्याचा अर्थ असा घेतला की आधी संपूर्ण 'यूएसआर' पुसा. त्या कप्प्यात प्रणालीच्या बहुतेक आज्ञावली असतात. म्हणजे ज्यांनी ती स्थापना केली त्यांचे घरच साफ झाले! शुद्धलेखनाच्या तासाला आपण हसतो. एका मोकळ्या जागेची किंमत मात्र अशी असते.

2012 साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टॉरव्हाल्ड्स यांच्या कार्यक्रमात श्रोत्यांपैकी एकीने आपल्या ऑप्टिमस लॅपटॉपची हीच व्यथा मांडली. त्यावर त्यांनी कंपनीला उद्देशून केलेला हातवारा असभ्य होता आणि तो जगभर गाजला. त्याचे वर्णन येथे शोभणार नाही. त्यानंतर परिस्थिती हळूहळू पालटली. 2013 साली कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये प्राइमचा पहिला आधार आला. 2019 साली हवे तेवढेच काम मोठ्या कार्डाकडे सोपविण्याची सोय आली. आणि 2022 साली कंपनीने ड्रायव्हरच्या गाभ्याशी बोलणाऱ्या भागाचा मूळ मजकूर खुला केला. याखेरीज 'नूव्हो' नावाचा एक ड्रायव्हर आहे. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'नवा'. कंपनीच्या कार्डांचे वर्तन बाहेरून निरखून स्वयंसेवकांनी तो लिहिला आणि 2010 सालापासून तो लिनक्सच्या गाभ्यात आहे.

आता पुन्हा आमच्या घरी येऊ.

रात्री उशिरा अप्पा कार्यालयावरून आले. मी लॅपटॉपपुढे रडवेली बसले होते.

"काय झालं गं? पेटी रुसली का?"

"अप्पा, याच्यात चित्र काढणारी दोन कार्डं आहेत. एक लहान, एक मोठं. नेहमीचं काम लहान करतं, जड काम मोठं करतं. पण चित्र भिंतीवर जातच नाही."

अप्पांनी हातपाय धुता धुता थोडा विचार केला. "म्हंजी एक घरची चूल आन् एक कार्यालयाची भट्टी. रोजच्याला घरची, लग्नाला आचारी. आसंच ना?"

मी चमकले. "हो. पण आचाऱ्यानं केलेलंसुद्धा घरच्या स्वयंपाकघरातूनच पंगतीत जातं. मागचं एक दार तेवढं आचाऱ्याच्या ताब्यात आहे."

"मग रडतीस कशाला? पंगतीत भात आला न्हाई म्हणून आम्ही काय भांडी आपटत बसतो का? आधी बघायचं, आचारी आलाय का. मग बघायचं, चुलीपाशी कोण हाय. मग भात शिजलाय का. आन् शिजला आसंल तर दार कुणी लावलंय ते. वळीनं बघ."

'वळीनं' म्हणजे ओळीने, क्रमाने. त्या एका शब्दात अप्पांनी मला जे शिकविले, तेच या लेखाचे सार आहे. मी वहीचे कोरे पान काढले, चार प्रश्न लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची उत्तरे ओळीने शोधली.

पहिला प्रश्न: कोण कोण आले आहे, आणि कोणाला काम नेमून दिले आहे? यासाठी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा आहे. तिच्यापुढे जागा सोडून आडवी रेघ आणि 'के' हे अक्षर लिहावे. संगणकाच्या आत जोडलेल्या भागांची यादी येते आणि प्रत्येकाखाली 'सध्या वापरात असलेला ड्रायव्हर' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. माझ्या यादीत दोन्ही कार्डे होती, म्हणजे यंत्र धडधाकट होते. परंतु ती ओळ दोहोंपैकी एकाखालीही नव्हती. दोघेही आचारी मांडवात हजर, आणि दोघांनाही चुलीपाशी जाण्यास बंदी!

दुसरा प्रश्न: मग स्वयंपाक करतो आहे तरी कोण? यासाठी 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा, पुढे जागा, आडवी रेघ व मोठे 'बी'. प्रत्यक्ष चित्र कोण काढीत आहे त्याचे नाव ती सांगते. माझ्याकडे नाव आले 'एलएलव्हीएम-पाइप'. हे कोणत्याही कार्डाचे नाव नाही. कार्ड उपलब्ध नसले की मुख्य प्रक्रियक स्वतःच एकेक ठिपका रंगवू लागतो, त्या नाइलाजाच्या व्यवस्थेचे हे नाव आहे. म्हणजे आचारी बाहेर बसलेले आणि कार्यालयाचे मॅनेजर घामाघूम होऊन पोळ्या लाटताहेत! पडदा का रखडतो आणि पंखा का घोंघावतो, याचा उलगडा झाला. वाचकहो, तुमचा लॅपटॉप विनाकारण तापू लागला तर आधी हे नाव पाहा.

तिसरा प्रश्न: बंदी कोणी घातली? लहान कार्डाच्या बाबतीत अपराधी मीच होते. 'नोमोडसेट' या शब्दाचा अर्थ असा, की गाभ्यातील कार्डाच्या ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेऊ नये. पडदा अजिबातच दिसत नसेल तेव्हा एकदा आत शिरण्यापुरता तो उपयोगी पडतो. मी मात्र तो कायमचा लिहून ठेवला होता. सुरुवातीच्या 'ग्रब' या आज्ञावलीच्या सेटिंग-फाइलमधून तो शब्द काढला, 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा मालकाच्या अधिकाराने, म्हणजे आधी 'सूडू' लिहून, दिली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पंखा शांत झाला. घरची चूल पेटली.

प्रोजेक्टरचे मागचे दार मात्र अजून बंदच होते. मोठ्या कार्डाखाली ड्रायव्हरचे नाव येत नव्हते. मी ड्रायव्हरला हाताने बोलावून पाहिले. त्यासाठी 'मॉडप्रोब' ही आज्ञा, तीही 'सूडू'सह, आणि पुढे ड्रायव्हरचे नाव. उत्तर आले ते इंग्रजीत एका ओळीचे होते; त्याचा अर्थ, 'किल्ली नाकारण्यात आली.' आठवडाभर मी ज्याच्यासाठी धडपडत होते ते उत्तर त्या एका ओळीत होते. मी फक्त कोणाला ते विचारलेच नव्हते.

चौथा प्रश्न म्हणून हीच किल्ली. नव्या लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' नावाचे कुलूप असते. संगणक सुरू होताना एखादी घातक आज्ञावली चोरपावलांनी गाभ्यात शिरू नये, म्हणून ओळखीची सही असलेल्यांनाच ते आत सोडते. माझ्या बाबतीत कंपनीचा ड्रायव्हर माझ्याच लॅपटॉपवर जुळवून बांधला गेला होता. त्यावरची सही माझ्या लॅपटॉपने तयार केलेल्या किल्लीची होती. ती किल्ली मालकाने एकदा स्वतः समोर बसून मान्य करावी लागते. तो निळा पडदा नेमका त्याचसाठी आला होता! दारावरचा रखवालदार मला विचारीत होता, "बाई, हा तुमचाच आचारी ना? आत सोडू?" आणि मी घाबरून तोंड फिरविले होते. रखवालदाराने आपले काम चोख केले आणि आचाऱ्याला बाहेर ठेवले.

येथे चुकीवर चूक कशी चढते ते पाहण्यासारखे आहे. कंपनीचा ड्रायव्हर बसविताना स्वयंसेवकांच्या 'नूव्हो'ला रजा दिली जाते, कारण एका कार्डाला दोन सारथी चालत नाहीत. जुना गेला, नव्याला दारातच अडविले. मोठे कार्ड पोरके झाले आणि त्याला जोडलेले एचडीएमआय भोकही. दोष कार्डाचा नव्हता, कंपनीचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. न कळणारा इंग्रजी पडदा आला की तो वाचण्याऐवजी घालवून द्यायचा, या माझ्या भीतीचा होता. 'नूव्हो' चालू असताना माझा प्रोजेक्टर चालत होता. शिवाय माझ्या नकाशाला घरची चूल पुरत होती. भट्टी पेटविण्याची तशी गरजच नव्हती. पण केलेले निस्तरणे भाग होते.

हे कुलूपच बंद करून टाकण्याचा सोपा मार्ग आहे. मी तो घेतला नाही. रखवालदाराशी नीट बोलता येत असताना त्याला काढून कशाला टाकावयाचे? 'मोक-यूटिल' या आज्ञेने मी ती किल्ली मान्यतेसाठी पुन्हा पाठविली, तात्पुरता पासवर्ड ठरवून वहीत लिहिला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. निळा पडदा आला. या वेळी शब्दकोश शेजारी होता. 'एनरोल' म्हणजे पटावर नाव घालणे. शाळेत पहिल्या दिवशी माझे घातले होते तसे. तो पर्याय निवडला, होकार दिला, पासवर्ड टंकला. लॅपटॉप सुरू झाल्यावर 'एलएसपीसीआय' पुन्हा विचारली. दोन्ही कार्डांखाली आपापल्या ड्रायव्हरचे नाव होते.

नंतर 'प्राइम-सिलेक्ट' या आज्ञेने मी 'गरजेपुरते' हा पर्याय ठेवला. म्हणजे रोजचे काम लहान कार्डाकडे. एखादी आज्ञावली मोठ्या कार्डावर चालवावयाची असेल तर तिच्या चित्रावर उजवे बटण दाबून तसे सांगता येते. ज्यांचे मोठे कार्ड गाभ्यातील खुल्या ड्रायव्हरवर चालते, त्यांनी आज्ञावलीच्या नावाआधी 'डीआरआय', खालची रेघ, 'प्राइम' असे मोठ्या अक्षरांत लिहून पुढे 'बरोबर एक' लिहावे. तेवढ्यापुरते काम मोठ्या कार्डाकडे जाते.

ज्यांचा पडदा पूर्ण काळा होतो त्यांच्यासाठी दोन शब्द. काळा पडदा म्हणजे संगणक मेला असे नव्हे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन ही बटणे एकदम दाबून पाहावीत. बहुधा नुसत्या अक्षरांचा पडदा येतो आणि तेथे नाव व पासवर्ड घालून वरील सर्व प्रश्न विचारता येतात. घर शाबूत असते. फक्त दिवा गेलेला असतो. मागच्या वेळी सुरू करताना काय घडले, त्याची नोंद 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेत मिळते. गाभा नव्या आवृत्तीचा झाल्यानंतर अचानक बिघाड झाला असेल, तर ड्रायव्हर त्या नव्या गाभ्यासाठी पुन्हा बांधला गेला आहे की नाही हे पाहावे. सुरुवातीच्या यादीतून जुना गाभा निवडूनही तेवढ्यापुरते काम चालविता येते. आणि एक नियम कधीही मोडू नये: एका वेळी एकच बदल करावा आणि तो परत कसा फिरवायचा हे आधी वहीत लिहावे.

शनिवारपूर्वी खात्री करून घ्यावी म्हणून शुक्रवारी रात्री मी केबल घरच्या टीव्हीला लावली. क्षणभर पडदा काळा राहिला. माझ्या पोटात गोळा आला. मग टीव्हीवर भूगाव उमटले. तलाव, पौड रस्ता, जुन्या चित्रातले शेतांचे हिरवे-तपकिरी चौकोन, आणि त्यावर नव्या चित्रातली पांढरी छपरे. आई हात पुसत बाहेर आली. अप्पा जेवणावरून उठून टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवले.

"हे आपलं खालचं वावर."

"हो, अप्पा."

"विहीर चुकवलीस तू. ओढ्याच्या पल्याड दाखवलीस. अल्याड व्हती."

मी जुने चित्र मोठे करून पाहिले. अप्पांचेच बरोबर होते. झाडाच्या सावलीला मी विहीर समजले होते. त्या रात्री मी विहीर ओढ्याच्या अलीकडे आणली. शनिवारी भिंतीवर नकाशा उमटला तेव्हा मॅडमनी विचारले, "एवढी जुनी विहीर कशी निश्चित केलीस?" मी सांगितले, "वडिलांनी दाखवली." मागच्या बाकावर या वेळी कोणी हसले नाही.

माझ्या वडिलांनी संगणकाची एकही आज्ञा कधी टंकलेली नाही. तरीही कोण हजर आहे, काम कोण करतो आहे, कोणी अडविले आहे आणि दार कोठे बंद आहे, हे ओळीने पाहण्याची रीत त्यांनीच मला दिली. आपल्या घरांतून अशा रीती पुष्कळ आहेत. पुस्तकांतील नवे शब्द पाहून आपण उगीच त्यांना विसरतो. वाचकहो, तुमच्या पेटीतील चूल विझलीच, तर भांडी आपटू नका. वही काढा आणि वळीने बघा.